विजेची सायकल आणि रस्त्याचा कायदा

पहाटे भाजीचे ओझे कल्याणच्या बाजार समितीत अथवा दुधाचे कॅन डोंबिवलीस पोहोचविण्यास आपल्याकडील शेतकऱ्यांस पूर्वी लुना फार उपयोगी पडे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ती १९७२ साली बाजारात आणली. तिला पायडल असल्यामुळे पुष्कळ लोक तिला सायकलच समजत. परंतु इंजिन ५० घनसेंटिमीटरचे असल्याने कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहनच होती. विजेच्या सायकलीसंबंधाने हल्ली तोच घोटाळा पुन्हा होत आहे. ‘लायसन नको, पासिंग नको’ एवढे दुकानदाराचे शब्द ऐकून गाडी घरी आणणे धोक्याचे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २ (२८) अन्वये, चारांहून कमी चाकांचे व २५ घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेले वाहन मोटार वाहन समजले जात नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाचे इंजिन साधारण एवढेच असते. जुन्या सायकलीस बसविण्याकरिता पेट्रोलची जी इंजिने विकली जातात, ती बहुधा याहून मोठी असतात. अशी सायकल मोटार वाहन ठरते, आणि तिच्या नमुन्यास मंजुरी नसल्याने तिची नोंदणीही होत नाही.

विजेच्या मोटरीस घनसेंटिमीटरचे माप लागू पडत नाही. म्हणून १९८९ च्या केंद्रीय नियमांत तिच्याकरिता निराळी मापे घातली आहेत. मोटरीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटांहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोपर्यंत असावे. ब्रेक योग्य असून पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक लाविलेला असावा. पायडलला केवळ साहाय्य करणारी मोटर असेल, तर पाय थांबताच तीही थांबली पाहिजे. ह्या सर्व गोष्टी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने तपासून मंजूर केलेल्या असल्या, तरच गाडीस नोंदणी, परवाना व विमा लागत नाही.

आता २५० वॅट म्हणजे किती? ७४६ वॅटांची एक अश्वशक्ती होते, तेव्हा ही शक्ती अश्वशक्तीच्या जेमतेम एक तृतीयांश झाली. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप चालविणाऱ्यास हिच्याकडून दोन पोत्यांची अपेक्षा कशी करावी, हे सांगावयास नको. गाडी चढावर अडते, आणि मग कोणी कारागीर वेगाचा लगाम काढून देतो. त्या क्षणी सायकलीचे मोटार वाहन होते. अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ साली मोहीमही काढली होती. कलम १८२ (अ) प्रमाणे बेकायदा फेरफार करविणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तथापि दंड ही लहान गोष्ट होय. समजा, शिळफाट्याच्या रस्त्यावर अशा गाडीने एखादा पादचारी जायबंदी झाला. गाडीची नोंद नाही, म्हणून विमाही नाही. अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई ठरविली की ती मालकाने स्वतःच्या खिशातून द्यावयाची. ती न दिल्यास कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जातो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. ही वसुली शेतापर्यंत कशी पोहोचते, हे सातबारा बाळगणाऱ्यांस ठाऊक आहेच. नियमांत बसणाऱ्या सायकलीचा स्वारही बेदरकारपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. त्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे.

मुलांच्या हाती गाडी देणाऱ्यांनी आणखी एक कलम पाहावे, ते १९९ (अ). अज्ञान मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ पासून आहे.

ज्यांस ओझे न्यावयाचेच आहे, त्यांनी सरळ नोंदणीची गाडी घ्यावी. २०२४ साली विजेवरील लुनाही निघाली. तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असल्याने तिला नोंदणी, परवाना, विमा व शिरस्त्राण ही सर्व लागतात. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. ठाण्याचा क्रमांक एमएच ०४ आणि कल्याणचा एमएच ०५. भिवंडीजवळ आमणे येथे येऊन मिळणाऱ्या समृद्धी महामार्गावर मात्र कोणत्याही दुचाकीस मज्जाव आहे.

बिगरनोंदणीची गाडी घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी, आणि त्यावरील नमुन्याचे नाव व गाडीवरील नाव एकच आहे की नाही हे स्वतः ताडून पाहावे. ती प्रत गाडीबरोबरच बाळगावी, कारण नाक्यावर पोलीस प्रथम तीच मागतील.