शिखरासाठी मुले निवडताना

होतकरू मुले हेरायची कशी? धाव मोजता येते, उडी मोजता येते. पण संकटातला धीर कशाने मोजणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेने याचे उत्तर शोधले. मुले होती आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांतली. पायपीट आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन त्यांच्या अंगवळणी पडलेले. मात्र मुलखात बर्फाचे नाव नाही. त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीवर निवड उरकली नाही. प्रशिक्षण हीच चाळणी ठरली. वर्ध्यात सराव, तेलंगणातल्या भोंगीरच्या खडकावर प्रस्तरारोहण, पुढे दार्जिलिंग आणि लडाखची थंडी. शेवटी दहाजण एव्हरेस्टवर गेले. मे २०१८ मध्ये पाचजण शिखरावर पोहोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही एकटी मुलगी.

मग उरलेल्या पाचजणांची निवड चुकली काय? मुळीच नाही. तेवढ्या उंचीवर हवामान आणि प्रकृती यांचाही कौल लागतो. निवड म्हणजे यशाची हमी नव्हे. ती संधी असते. म्हणून मुले निवडणाऱ्याने आणखी एक हिशेब ठेवावा: चाळणीतून गळलेले मूल घरी काय घेऊन परतले?