टोमॅटो नाही, डाळ नाही, तरी मिनेस्ट्रोने!

कँटीनमध्ये आमच्या सहा जणींच्या टेबलावर गेल्या महिन्यापासून एक जण फक्त पाणी पिते. वडापाव नाही, मिसळ नाही, चहा-कॉफीही नाही. सुरुवातीला आम्ही ‘काय गं, डाएट का?’ म्हणून टर उडवली. नंतर ती टेबलावर यायचीच बंद झाली. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

ती माझी रूममेट. तिला हाशिमोटो थायरॉयडायटिस आहे. म्हणजे आपली प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते. सकाळी उपाशीपोटी गोळी चालूच आहे, पण थकवा काही जाईना. म्हणून डॉक्टर आणि डाएटिशियनशी बोलून तिने सहा आठवड्यांसाठी ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’, म्हणजे एआयपी सुरू केलं.

यात काय बंद, ते ऐका. गहू, तांदूळ, सगळी धान्यं, सगळ्या डाळी-कडधान्यं, दूध-दही-पनीर, अंडी, दाणे, साखर. टोमॅटो, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची आणि लाल तिखटसुद्धा, कारण ही सगळी एकाच कुळातली. बिया बंद म्हणून जिरं, मोहरी, धने गेले. कोथिंबीर मात्र चालते. आणि डबीतला हिंग? त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. फोडणीच संपली की! शाकाहारी मुलीने हे केलं तर प्रोटीन आणायचं कुठून, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. माझी रूममेट चिकन खाते, म्हणून निभावलं.

तिला सगळ्यात जास्त आठवण यायची ती मिनेस्ट्रोनेची. इटलीतलं हे भाज्यांचं दाट, पोटभरीचं सूप. आपल्याकडच्या कॅफेत ते लालभडक मिळतं, आत राजमा आणि पास्ता. म्हणजे तिच्यासाठी वाटीभर बंदी. पण वाचायला लागले तर कळलं, टोमॅटो इटलीत पोचला तोच सोळाव्या शतकात, अमेरिका खंडातून. तो स्वयंपाकात रुळायला आणखी बराच काळ गेला. भाज्या घालून रटरटवलेलं सूप त्याच्या कितीतरी आधीचं. जिनोआमध्ये तर मिनेस्ट्रोनेत वरून तुळशीच्या जातीतल्या बेसिलचा हिरवा पेस्टो घालतात. मग टोमॅटोशिवाय करायला काय हरकत आहे?

आमच्या फ्लॅटवर नॉनव्हेज चालत नाही (घरमालकांची अट), म्हणून रविवारी आम्ही तिच्या मावशीकडे धडकलो. मावशीने यादी वाचली आणि म्हणाली, “अगं, डाळ नाही, तिखट नाही, टोमॅटो नाही. मग सूप कशाचं, पाण्याचं?”

हाडांसकट अर्धा किलो चिकन दीड लिटर पाण्यात मीठ घालून मंद आचेवर पाऊण तास उकळलं. चिकन काढून मांस सोडवून ठेवलं, पाणी गाळलं. तयार स्टॉक क्यूब वापरू नका, त्यात काय काय असतं ते पाकिटावर वाचा म्हणजे कळेल.

टोमॅटोच्या जागी पाव किलो लाल भोपळा, दोन गाजरं आणि बिटाचा छोटा तुकडा कुकरमध्ये शिजवून मिक्सरला फिरवलं. बीट खरंच छोटं घ्या. आम्ही पहिल्यांदा अख्खं टाकलं आणि भांड्यात रंगपंचमी झाली. ते मावशीच्या कोशिंबिरीत गेलं (दही घालून, आमच्यासाठी).

खरा जीव आहे तो पुढच्या पायरीत. इटालियन लोक त्याला सोफ्रितो म्हणतात. एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचे दोन दांडे अगदी बारीक चिरून तीन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर पंधरा मिनिटं परतायचे. लाल नाही करायचे, नुसते मऊ होऊन गोडसर वास सुटला पाहिजे. इथे घाई केली तर सूप उकडलेल्या भाज्यांसारखं लागतं. मग सहा पाकळ्या लसूण, रताळ्याच्या आणि दुधीच्या फोडी, गाळलेलं पाणी आणि ती भोपळ्याची प्युरी. रताळं पास्त्याची जागा घेतं, सूप दाट होतं. शेवटी चिरलेला कोबी, चिकन आणि तीन आमसुलं. आमसूल ही मावशीची आयडिया. टोमॅटोचा आंबटपणा कुठून आणायचा यावर आम्ही लिंबू पिळत बसलो होतो, तिने बरणी पुढे सरकवली. दहा मिनिटांनी आमसुलं काढून टाका.

पेस्टोत चीज आणि पाइन नट्स असतात, तेही बंद. पण शेजारच्या फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये नुसतं बेसिल, लसूण आणि ऑलिव्ह ऑइल कुटून ‘पिस्तू’ करतात. तेच खलबत्त्यात कुटलं, मीठ घातलं, वरून चमचाभर सोडलं.

आता खरं सांगायचं तर या डाएटवर अभ्यास झालेत, पण छोटे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाशिमोटो असलेल्या १७ स्त्रियांनी दहा आठवडे ते केलं. त्यांना बरं वाटलं, त्रास कमी झाला, पण थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये खास फरक पडला नाही. म्हणून गोळी बंद करायची नाही आणि रील बघून हे डाएट सुरूही करायचं नाही. शिवाय हे कायमचं नसतं. काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा, कशाने त्रास होतो ते शोधायचं.

मावशीने दोनदा वाढून घेतलं. उरलेलं आम्ही डब्यात भरलं. सोमवारी कँटीनमध्ये रूममेटने तो टेबलावर उघडला आणि पाच चमचे एकदम आत गेले. “अगं, मला ठेवा जरा!” म्हणून ओरडत होती. पुढच्या आठवड्यात ती अंड्याचा पिवळा बलक खाऊन बघणार आहे. टोमॅटोचा नंबर शेवटी.