गावातल्या गावात

फेरीधक्क्याजवळच्या दुकानातून नारळ आणावयाचा असतो, किंवा धाकट्या मुलीला शाळेत पोहोचवावयाचे असते. "गावातल्या गावात तर जायचे आहे" असे म्हणून हेल्मेट खुंटीलाच राहते. गोव्याच्या खेड्यापाड्यांत हे वाक्य इतके रुळले आहे की, कायदा राष्ट्रीय महामार्गावरच सुरू होतो असा अनेकांचा प्रामाणिक समज दिसतो. वस्तुतः मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये गाव आणि महामार्ग असा भेदच नाही. सार्वजनिक जागी दुचाकीवर असलेल्या, चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घालावे व त्याचा पट्टा बांधावा, असे ते कलम सांगते. पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच आघातात डोक्यावरून निसटते आणि डोके चिऱ्याच्या कुंपणावर उघडेच आदळते. गावच्या अरुंद वळणांवर अशी कुंपणे किती आहेत, हे वाचकांना सांगावयास नकोच.

याहून गंभीर बाब अल्पवयीन चालकांची. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास परवाना मिळतो हे खरे. परंतु तो ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरताच. आज घरोघरी असलेल्या स्कूटर बहुधा १०० सीसीच्या वरच्या आहेत, म्हणून त्या परवान्यावर त्या चालविता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ अन्वये अशा अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाला पुढे पर्यटकांची टॅक्सी चालवून पोट भरावयाचे असेल, त्याच्या दृष्टीने ही सात-आठ वर्षे काय होत, याचा विचार किल्ली हाती देणाऱ्या वडीलमंडळींनी करावा.

विद्यालयाच्या आवारात स्कूटर आणण्यास मनाई असली, की ती शेजारच्या अंगणात उभी राहते. शिक्षकांना ते ठाऊक असते, अंगणाच्या मालकालाही असते. प्रत्येक तिठ्यावर पोलीस शिपाई उभा करणे शक्य नाही. तेव्हा हा विषय पालक-शिक्षक संघाच्या सभेत निघाला पाहिजे.

काही ठिकाणी ग्रामस्थ वेगाला कंटाळून रातोरात सिमेंटचा गतिरोधक घालतात. हेतू चांगला, परंतु रंग व फलक नसलेला असा उंचवटा अंधारात दुचाकीस्वारालाच पाडतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागी केवळ १० सेंटिमीटर उंच असतो. वाहनाने त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने सुखरूप जावे, अशी त्याची आखणी असते. गोव्यात यासाठी जिल्हादंडाधिकारी अधिसूचना काढतात. ग्रामसभेने ठराव करून, वळणाचे नेमके ठिकाण व तेथे घडलेल्या अपघातांच्या तारखा लिहून, तो पंचायतीमार्फत त्यांच्याकडे पाठवावा.