सर्व्हर चालू आहे, पावती निघंना

सकाळी 6.30

कॉलेजला निघेपर्यंतचा वेळ एलपीआयसी-1 या लिनक्सच्या परीक्षेच्या अभ्यासाचा. दोन पेपर, प्रत्येकी 60 प्रश्न, 90 मिनिटं. मित्रानं दिलेल्या जुन्या पुस्तकात दुसऱ्या पेपरासाठी एसक्यूएलचं एक प्रकरण आहे: सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय. 60 पैकी जेमतेम 2 वजनाचं. 2018 च्या पाचव्या आवृत्तीत तेही काढून टाकलं. मित्र खूश. "बरं झालं, तेवढंच ओझं कमी."

9.45

अहमदपूरच्या आमच्या कॉलेजात सर्व्हर रूम म्हणजे ऑफिसमागची खोली. अर्ध्या भागात अजून गॅदरिंगचं सामान आहे. यूपीएस पाहिला, चहा झाला.

10.40

प्रवेशाचे दिवस. किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंदची पोरं एसटीनं येऊन रांगेत उभी. खिडकीतून क्लार्क ओरडले, "सर, पावती निघंना!"

पिंग लागतंय. सिस्टिमसीटीएलला विचारलं तर मायएसक्यूएल चालू. परीक्षेसाठी शिकलेलं सगळं सांगतंय की यंत्र ठणठणीत आहे. डीएफ मारल्यावर उलगडा झाला: डिस्क शंभर टक्के भरलेली. अशा वेळी मायएसक्यूएल मरत नाही. जागा होते का ते दर मिनिटाला बघत बसून राहतं, म्हणून सेवा चालू दिसते आणि पावती अडकते.

जागा खाल्ली होती बायनरी लॉगनी. आमची आवृत्ती जुनी, 5.7 ची. तिच्यात मुदत घातली नाही तर हे लॉग आपोआप जात नाहीत; 8.0 पासून तीस दिवसांची मुदत आपसूक असते. मदतनीस पोरगा कीबोर्डाकडे सरसावला. "उडवू का सर फाइली?" त्याचा हात धरला. फाइली नुसत्या पुसल्या तर लॉगची यादी एक सांगते आणि डिस्कवर असतं दुसरंच. आधी जुन्या, दाबून ठेवलेल्या सिस्टिम लॉगमधून थोडी जागा काढली, मग मायएसक्यूएलमध्ये शिरून पर्ज बायनरी लॉग्ज ही आज्ञा दिली. पहिली पावती निघाली तेव्हा रांग गेटापर्यंत गेली होती.

1.30

भाकरी सोडतानाच सॉफ्टवेअरवाल्याचा फोन. त्याचं म्हणणं, सर्व्हर तुमचा. माझं म्हणणं, डेटाबेस तुमचा. करारात दोघांचंही नाही.

शेजारी बसलेले कॉम्प्युटरचे सर म्हणाले, "एसक्यूएल आम्ही बीसीएला शिकवतो की. सर्व्हरवाल्याच्या परीक्षेत कशाला?" त्यांचं अगदीच चूक नाही. साठ प्रश्नांत जगभराचं कोंबता येत नाही, आणि पुण्या-बंगळूरच्या कंपनीत डेटाबेसवाला वेगळ्या टेबलावर बसतो. तालुक्याच्या गावाला ते टेबलच नसतं. तरीही जॉइन गाळला याचं मला दुःख नाही. माझ्या नोकरीत कुणी जॉइन लिहायला सांगत नाही. रेड हॅटनं आरएचईएल 7 च्या आरएचसीई परीक्षेत विचारलं होतं ते कामाचं: मारियाडीबी बसवा, बॅकअप घ्या, परत भरून दाखवा. आठव्या आवृत्तीपासून ती परीक्षा आन्सिबलकडे वळली आणि तेही गेलं. एकानं चुकीचं विचारून सोडलं, दुसऱ्यानं बरोबर विचारून.

4.00

गर्दी ओसरल्यावर रात्रीचा बॅकअप जुन्या पीसीवर भरून पाहिला. मायएसक्यूएलडंप आम्ही सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून घेतो, म्हणजे व्यवहार चालू असतानाही एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. पण ही हमी फक्त इनोडीबी टेबलांची. आज तपासलं तर पावती क्रमांकांचं टेबल मायआयसॅमचं निघालं! रात्री दोनला कुणी पावती फाडत नाही, म्हणून आजवर निभावलं. प्रवेशाच्या दिवसांत दुपारीही बॅकअप घ्या म्हणून प्राचार्य मागं लागलेत, तेव्हा निभणार नाही.

5.45

क्लार्क एका पोराचं आडनाव दुरुस्त करून घ्यायला आले. आधी तीच ओळ सिलेक्टनं पाहिली, मग अपडेट. व्हेअर विसरलं तर अख्ख्या कॉलेजचं आडनाव एक होईल, असं सांगितल्यावर ते हसले, पण जरा मागं सरकूनच उभे राहिले.

रात्री 9.30

अभ्यास थोडाच झाला. डिस्क 80 टक्क्यांवर गेली की मोबाइलवर कळवणारी स्क्रिप्ट क्रॉनला लावली. हा भाग अभ्यासक्रमात आहे, एवढं समाधान. मायआयसॅमचं टेबल बदलायला सॉफ्टवेअरवाल्याची संमती मागितली होती. फोनवर "करून टाका" म्हणाला. लेखी द्या म्हटलं, तेव्हापासून फोन उचलंना.