इंजिन बंद पडले, तर व्हॉल्व्ह पास

एक्झॉस्टचा वायू इंजिनात परत फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हची परीक्षा उलटी असते. जुन्या पेट्रोल गाड्यांत तो व्हॅक्यूमवर उघडतो. मेकॅनिक इंजिन गरम करून आयडलवर सोडतो आणि हातपंपाने व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देतो. इंजिन थरथरून बंद पडले, तर व्हॉल्व्ह उघडतोय आणि पुढची वाटही मोकळी आहे. इंजिन ढिम्म चालत राहिले, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वाट काजळीने बुजली आहे.

कारण या व्हॉल्व्हचे कामच ज्वलन मंद करण्याचे. एक्झॉस्टमधला काही वायू तो पुन्हा सिलिंडरकडे पाठवतो. हा वायू आधीच जळून चुकलेला. तो ऑक्सिजनची जागा अडवतो आणि उष्णता शोषतो. सिलिंडरमधले तापमान सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने एकत्र येऊन नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइड्स तयार होऊ लागतात. ते टाळायचे, म्हणून हा खटाटोप. आयडलवर मात्र सिलिंडरमध्ये मिश्रण मुळातच थोडे. त्यात एवढा जळका वायू शिरला की ज्योत टिकत नाही.

आताच्या डिझेल गाड्यांत हा व्हॉल्व्ह विजेवर चालतो. स्कॅनरवरून त्याला उघडायला सांगायचे आणि तो खरेच किती उघडला ते पाहायचे. पण तेवढ्यावर थांबू नये. झडप हलते, वाट मात्र बुजलेली, असे सर्रास आढळते. म्हणून नजर हवेच्या सेन्सरवर हवी: व्हॉल्व्ह उघडताच आत येणाऱ्या ताज्या हवेचा आकडा उतरला पाहिजे. ‘पी०४०१’ हा कोडसुद्धा प्रवाह कमी आहे एवढेच सांगतो. तेवढ्यावरून नवा महागडा व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे घाई. पुष्कळदा साफसफाईने भागते.

काही जण मध्ये पत्र्याची प्लेट टाकून ही वाटच बंद करतात. काजळी कमी होते, गाडी ओढतेही बरी. फोक्सवॅगनने हेच काम सॉफ्टवेअरकडून करून घेतले होते: प्रदूषण चाचणीच्या वेळी एक्झॉस्ट भरपूर परत फिरवायचा, रस्त्यावर कमी. २०१५ मध्ये हे उघड झाल्यावर पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या आणि भारतात तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स नाहीत. वाट बंद केली की धूर कमीच होतो. त्यामुळे प्लेट टाकलेली गाडी तिथे पकडली जाणे सोडाच, उलट अधिक स्वच्छ दिसते.