सरळ हँडलची सायकल आणि वेगाचा हिशेब

कोल्हापुरातील सायकलच्या कोणत्याही दुकानात एखादा विद्यार्थी, शिरोलीच्या कारखान्यात जाणारा कामगार किंवा पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागणारा हौशी स्वार नवी सायकल घेण्यासाठी उभा राहिला, की किमतीची घासाघीस सुरू होण्यापूर्वीच एक प्रश्न त्याच्या मनात उपस्थित होतो : हँडल सरळ असावे, की शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले? वेग हा वळलेल्या हँडलातच वसतो, आणि सरळ हँडलची सायकल ही शाळकरी मुलांसाठी व बाजारहाटासाठीच योग्य, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झालेली आहे की तिचा पुरावा मागण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ही समजूत कितपत साधार आहे हे ठरवावयाचे असेल, तर सायकलस्वाराच्या पायांतून निघालेली शक्ती नेमकी कोठे खर्ची पडते याचा जमाखर्च प्रथम मांडला पाहिजे.

रस्ता सपाट असून वारा पडलेला असेल, तेव्हा ही शक्ती मुख्यत्वे दोन बाबींवर खर्च होते. पहिली बाब म्हणजे टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि दुसरी म्हणजे हवेचा विरोध. घर्षणाचा जोर वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८३ किलो, टायर गुळगुळीत व हवेने कडक भरलेले, आणि हवा कोल्हापुरातील, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील, असे गृहीत धरून गणित केले, तर सरळ हँडल धरून ताठ बसलेल्या स्वारास ताशी २० किलोमीटर वेगासाठी सुमारे ७० वॉट, ३० किलोमीटरसाठी सुमारे २०० वॉट आणि ४० किलोमीटरसाठी सुमारे ४३० वॉट शक्ती लागते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सहापट खर्चावी लागते, असा हा निष्ठुर व्यवहार आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे १५० वॉट, तासभर अखंड देत राहणे हे शर्यतीचा सराव नसलेल्या निरोगी माणसाच्या दृष्टीने चांगलेच कष्टाचे काम होय.

आता या हिशेबात हँडलचा वाटा किती? हँडल म्हणजे धातूची एक बारीक नळी. ती स्वतः हवेला अडवून अडवणार किती! तिचा खरा प्रभाव पडतो तो स्वाराच्या बैठकीवर. सरळ व रुंद हँडलवर हात फाकतात, छाती वाऱ्याला सन्मुख होते आणि पाठ उभी राहते. वळलेल्या हँडलवर धड आडवे होते, हात जवळ येतात आणि हवेला सामोरा जाणारा देहाचा विस्तार सुमारे तीन दशांशाने घटतो. त्याच १५० वॉट शक्तीत वाकलेला स्वार ताशी ३० किलोमीटर वेगाने जाईल, तर ताठ बसलेला स्वार २७ किलोमीटरच्या आसपास राहील. सुमारे ३० किलोमीटरवरील इचलकरंजीपर्यंतचा पल्ला घेतला, तर पहिला स्वार तासाभरात पोहोचेल आणि दुसरा त्यानंतर सात मिनिटांच्या आत. शर्यतीच्या पटावर सात मिनिटे म्हणजे सारे सर्वस्व. परंतु कामावर जाणाऱ्या मनुष्याच्या दिनक्रमात त्या सात मिनिटांसाठी सायकल बदलावी, इतके त्यांचे मोल खचितच नाही.

याच हिशेबात टायरचे कलम घातले, म्हणजे चित्र अधिकच स्पष्ट होते. आपल्याकडे रेंजर या नावाने लोकप्रिय झालेल्या सरळ हँडलच्या सायकलींना बहुधा जाड, गाठीदार टायर असतात. चिखलात व मुरमाच्या पायवाटेवर ते उपकारक असले, तरी डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायरच्या दुपटीहून अधिक घर्षण निर्माण करतात. ताशी २० किलोमीटर वेगाला ताठ बैठकीमुळे वाया जाणारी शक्ती सुमारे १५ वॉट भरते, तर गाठीदार टायरमुळे वाया जाणारी शक्ती ३० वॉटच्या वर जाते. ताशी ३० किलोमीटरच्या सुमारास या दोन्ही बाबी समसमान, प्रत्येकी सुमारे ५० वॉटच्या होतात, आणि त्यापुढेच हँडलचे वर्चस्व सुरू होते. ज्याचा नित्याचा वेग १८ ते २२ किलोमीटर आहे अशा बहुसंख्य स्वारांना मंदगतीचा दोष हँडलवर टाकता येत नाही. तो टायरमधील अपुऱ्या हवेवर, गंजलेल्या चेनवर आणि आऊट न काढलेल्या चाकावर टाकावा लागतो.

सरळ हँडलवर मानवी वेगाची परिसीमा गाठता येते की नाही, या शंकेचे निरसन सायकलिंगच्या इतिहासाने प्रत्यक्षच केलेले आहे. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम हा या क्रीडेतील परमोच्च मान समजला जातो, आणि इटलीचा फ्रांचेस्को मोझेर याने १९८४ साली मेक्सिको शहरात प्रस्थापित केलेला ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम नऊ वर्षे अबाधित होता. स्कॉटलंडमधील ग्रॅम ओब्री या स्वाराने, ज्याने स्वतः सायकलचे दुकान चालविले होते आणि आपली सायकल आपल्याच हाताने घडविली होती, १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून तो मोडला. आणि त्याच्या सायकलीला हँडल होते ते डोंगरी सायकलीसारख्या सरळ दांड्याचे! ते त्याने बैठकीच्या जवळ आणून छातीखाली घेतले होते, कोपरे दुमडून कुशीत दाबली होती, आणि हवेला मिळणारी पकड जवळजवळ नाहीशी केली होती. या सायकलीत त्याने कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसविले होते, ही हकीकत शिवाजी उद्यमनगरातील कोणाही कुशल कारागिरास आपल्याच बिरादरीतील वाटावी अशी आहे. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने बोर्दो येथे ५२.२७० किलोमीटर अंतर कापून हा मान हिरावून घेतला, तेव्हा ओब्रीने १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याच बोर्दोत ५२.७१३ किलोमीटर कापून तो परत मिळविला. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने ही बैठकच निषिद्ध ठरविली. परंतु वेग हा हँडलच्या आकारात नसून त्यावर देह कसा ठेवला जातो यात आहे, हा त्या विक्रमाचा निष्कर्ष कोणत्याही हुकुमाने रद्द होणारा नव्हता.

कोल्हापूरच्या स्वारास याहून जवळचा दाखला पन्हाळ्याच्या रस्त्यावर मिळतो. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडावी, केर्ली मागे टाकावी आणि वाघबिळाच्या बाजूने चढास लागावे. शहरापासून वीसेक किलोमीटरच्या या प्रवासात स्वार चारशे मीटरांहून अधिक उंची चढतो, आणि यातील बराचसा चढ अखेरच्या टप्प्यात असतो. जेथे शंभर मीटर अंतरात सहा मीटर चढ आहे, तेथे १५० वॉट शक्तीचा स्वार ताशी १० किलोमीटरच्या आसपासच राहतो. त्या वेळी त्याला मागे खेचणाऱ्या एकूण जोरापैकी हवेचा भाग शंभरात चारच असतो. बाकी सारा भार गुरुत्वाकर्षणाचा व थोडासा टायरचा. अशा ठिकाणी हँडल सरळ की वळलेले, हा प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतो. किंबहुना रुंद हँडलमुळे छाती मोकळी राहून श्वास सुखाने घेता येतो आणि उभे राहून पायडल मारताना जोर लावण्यास आधार मिळतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात सर्वांच्या पुढे राहणाऱ्या स्वारास ‘घाटांचा राजा’ हा किताब दिला जातो, तो किताब मिळवून देणारी पुंजी पायांची, फुप्फुसांची आणि हलक्या सायकलीची असते.

जुन्या काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकलींवर घाटात उतरून चालण्याची पाळी येई, तिचे कारणही हँडलमध्ये नसून दात्यांच्या प्रमाणात होते. पुढील चक्रास ४८ आणि मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात अठ्ठावीस इंची चाकाची सायकल सुमारे ५.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे मारले, तर वेग ताशी २५ किलोमीटरच्या जवळ येतो, आणि १०० फेऱ्यांनी तो ३५ पर्यंत चढतो. म्हणजे सपाटीवर हे यंत्र मुळीच दुर्बळ नव्हे. चढावर मात वेग १० वर उतरताच फेरे मिनिटाला २८ वर येतात, गुडघ्यांवर असह्य ताण पडतो, आणि स्वारास निमूटपणे खाली उतरावे लागते. आजच्या सरळ हँडलच्या सायकलीत गिअरची सोय असल्यामुळे ही अडचण दूर झालेली आहे.

उताराची गोष्ट याच्या उलट. त्याच चढाच्या उतरणीवर पायडल न मारता ताठ बसलेला स्वार ताशी ४५ किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि पूर्ण वाकलेला ५४ पर्यंत. फ्रान्सच्या एरिक बारोनने तर २०१७ साली वार्स येथील बर्फाच्या तीव्र उतारावर डोंगरी सायकलीने ताशी २२७ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. तथापि आपल्या घाटात, समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येण्याचा संभव असताना, थांबता येणे हेच वेगाहून अधिक मोलाचे असते. आणि ब्रेकचे दोन्ही खटके बोटांखाली राहून नजर सरळ रस्त्यावर राहण्याची जी सोय सरळ हँडल देते, तिचे मूल्य तेथेच कळून येते. पावसाळ्यात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकची पकड बरीच क्षीण होते, याचेही भान ठेवावयास हवे.

पावसाळ्याचाच आणखी एक धडा आहे. त्या दिवसांत गगनबावड्याकडे निघालेल्या स्वाराच्या तोंडावर पश्चिमेचा वारा येतो. तो ताशी १० किलोमीटर असला, तरी ताशी २० किलोमीटर वेग राखण्यास ७० ऐवजी १३० वॉटच्या वर शक्ती लागते. अशा वेळी सरळ हँडलच्या मुठी सोडून देण्याचे कारण नाही. कोपरे वाकवून, ती शरीराजवळ आणून, पाठ किंचित झुकविली म्हणजे वळलेल्या हँडलचा निम्मा लाभ फुकट पदरात पडतो. हँडल अवास्तव रुंद असेल, तर दुकानदाराकडून ते दोन्ही बाजूंनी खांद्यांच्या रुंदीच्या बेताने कापून घेता येते.

ज्यांना शर्यतीत उतरावयाचे आहे त्यांनी वळलेले हँडल अवश्य घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्याच्याच पूजा दानोळे यांनी २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवून या मातीतील पायांचे सामर्थ्य सिद्ध केलेले आहे, आणि त्या मार्गाने जाणाऱ्या मुलामुलींसाठी एकेक सेकंद मोलाचा आहे. इतरांनी मात्र वेगाच्या लोभाने नव्या सायकलीवर हजारो रुपये खर्चण्यापूर्वी घरच्या सरळ हँडलच्या सायकलीस गुळगुळीत टायर घालावेत, आठवड्यास हवा भरावी, चेनला तेल द्यावे, चाकांचा आऊट काढून घ्यावा, आणि पायडल खालच्या टोकास असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच करावी. एवढे केले, तर निरोगी माणसाने सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने जावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.