जुनी गाडी, नवा शौक : पैसा ओतण्यापूर्वी हिशोब समजून घ्या

आपल्या तरुणांमध्ये अलीकडे एक नवा शौक वाढीस लागला आहे. बाजारातून जुनी, पण जोरदार इंजिनाची छोटी मोटार घ्यायची आणि मग तिचे टायर, ब्रेक, सायलेन्सर, इंजिनाचा संगणक असे एकेक बदलत आपल्या मनासारखी गाडी तयार करायची. शौक वाईट नाही. हाताला काम मिळते, यंत्राचे ज्ञान वाढते. परंतु माहिती न घेता उतरणाऱ्याचा पैसा बुडतो, कधी गाडी जप्त होते, कधी विम्याचा दावा फेटाळला जातो आणि कधी जिवावर बेतते. या व्यवसायात आपले असंख्य मेकॅनिक, डेंटर, पेंटर व सुट्या भागांचे व्यापारी आहेत. तेव्हा घेणारा आणि काम करून देणारा अशा दोघांच्याही दृष्टीने हा विषय समजून घेऊ.

ही गाडी कोणती?

मागे डिकीऐवजी वर उघडणारे दार असलेल्या छोट्या गाडीला हॅचबॅक म्हणतात. अशा हलक्या गाडीत ताकदवान इंजिन बसवले की ती झाली 'हॉट हॅच'. युरोपात हा प्रकार लोकप्रिय केला तो फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या गाडीने. ती १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७६ मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते. कुटुंबाची रोजची गाडी आणि वेगाची हौस या दोन्ही गोष्टी एकाच खर्चात भागत असल्यामुळे ती खपली.

आपल्याकडे या वर्गातील दोन प्रसिद्ध गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स. दुसरी रांजणगावची फियाट अबार्थ पुंतो. ती २०१५ मध्ये आली, १.४ लिटर इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. फियाटने २०१९ मध्ये भारतातील मोटारविक्री थांबवली आणि पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. म्हणजे आज या गाड्या हव्या असतील तर जुन्याच घ्याव्या लागतात आणि त्यांचे काही भाग शोधत फिरावे लागते. खरेदीचा हिशोब येथूनच सुरू होतो.

घेताना काय पाहावे?

मीटरवरील किलोमीटरवर विसंबू नका. आकडा मागे फिरवता येतो. त्याऐवजी कंपनीच्या सर्व्हिसची जुनी बिले मागा. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचे आवरण आणि ड्रायव्हरची सीट किती झिजली आहे ते पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. '२३१८' असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. काचांवरही वर्षाची खूण असते. सर्व काचा एका सालच्या आणि एकच दुसऱ्या सालची असेल, तर ती का बदलली हे विचारा. इंजिन पूर्ण थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून घ्या. खडखडाट, निळा धूर, गिअर पडताना बसणारा झटका या गोष्टी गरम इंजिनात लपतात. ओळखीच्या मेकॅनिकला स्कॅनर घेऊन सोबत न्या. त्याची मजुरी आनंदाने द्या, ती पुढच्या हजारोंच्या खर्चातून वाचवते.

कागदपत्रांत चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हवे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातील गाडीस तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ हवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ ची गाडी घेतली तर २०२८ मध्ये तिची फेरनोंदणी करावी लागेल, हेही किमतीत धरा.

विक्री करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी दिली, पैसे घेतले, पण पुस्तकावर नाव आपलेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून 'नंतर करून घेऊ' हा व्यवहार दोघांनीही करू नये. विम्याची पॉलिसीही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

आधी दुरुस्ती, मग सजावट

नवीन हौशी माणसाची पहिली चूक म्हणजे गाडी हातात येताच सायलेन्सर आणि मॅग व्हीलच्या दुकानात धावणे. दहा वर्षांच्या गाडीला आधी तिची मूळ तब्येत परत द्यावी लागते. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचे तेल, कूलंट, फिल्टर, प्लग, सस्पेन्शनचे बुश, रबरी नळ्या हे सर्व तपासून जे थकले असेल ते बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. म्हणून इंधनाच्या नळ्या आणि गॅस्केट विशेष पाहून घ्या. आमची सूचना अशी की, हातात चार रुपये असतील तर तीन रुपयांची गाडी घ्यावी आणि एक रुपया दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा.

त्यानंतर ब्रेक. वेग दीडपट झाला की गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० वर धावणारी गाडी थांबवताना ब्रेकला दुपटीहून अधिक काम पडते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते गरम झाल्यावर उकळते आणि पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. चांगले पॅड, सरळ डिस्क आणि नवे ऑइल एवढ्यानेच गाडीत केवढा फरक पडतो ते चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते.

मग टायर. रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार टायरांची तळहाताएवढी जागा. टायर बदलताना त्याचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. हिशोब सोपा आहे. १८५/६० आर १५ या टायरची बाजू १८५ च्या ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. तिची दुप्पट २२२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की ६०३ मिलिमीटर. १९५/५० आर १६ घेतला तर सुमारे ६०१ मिलिमीटर भरतो, म्हणजे फरक नगण्य. पण १९५/५५ आर १६ घेतला तर ६२१ होतो. सुमारे तीन टक्के वाढ. मीटर कमी वेग दाखवील आणि मूळ १५ इंची चाकाची गाडी असेल तर चाक आत घासते का हेही पाहावे लागेल.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचे काम कोणी सांगितले तरी करू नये. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. शिवाय आपल्या गतिरोधकांवर गाडीचा तळ घासतो तो वेगळाच.

इंजिनाची ताकद वाढते कशी?

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळते आणि ताकद मिळते. किती हवा कोंबायची हे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्यातील आकडे बदलणे म्हणजेच 'रिमॅप'. टर्बो नसलेल्या गाडीत यातून फारसे हाती लागत नाही, टर्बो गाडीत मात्र एका दिवसात फरक जाणवतो. मोह पडतो तो त्यामुळेच.

पण कारखान्याने जो वाव ठेवला होता तो कशासाठी? खराब पेट्रोल, मे महिन्याचा उन्हाळा, घाटातली चढण आणि वर्षानुवर्षांची झीज यांच्यासाठी. तो वाव आपण वापरून टाकला की इंजिनात ठोके पडू लागतात, पिस्टनवर ताण येतो. गिअरबॉक्सलाही मर्यादा असते. पोलो जीटीमधील सात गिअरचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. मूळ १७५ वरून आपण जसजसे वर चढतो तसतसे त्या मर्यादेजवळ जातो. आणि तो गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च हौशी माणसाला परवडणारा नसतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची वा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सीएनजी किट किंवा अपंग बांधवांसाठी केलेले बदल आरटीओच्या रीतसर परवानगीने होतात.

म्हणून सायलेन्सर फोडून आवाज वाढवणे, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, पुढे लोखंडी बंपर गार्ड लावणे, अनेक सुरांचा भोंगा बसवणे, पुस्तकात नोंद न करता रंग बदलणे या गोष्टी टाळाव्यात. मूळ दर्जाचे ब्रेक पॅड, योग्य मापाचे टायर, चांगले शॉक ॲब्सॉर्बर, सीट कव्हर, संगीत यंत्रणा यांत शौक भागवायला भरपूर जागा आहे. जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला दिसला तर दावा अडकतो.

कारागीर आणि व्यापारी बांधवांना

कुर्ल्यापासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत सुट्या भागांच्या बाजारात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. या शौकामुळे त्यांच्याकडे नवे गिऱ्हाईक येत आहे. हे गिऱ्हाईक टिकवायचे तर बिल द्या, बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवा, जुन्याला नवा म्हणून विकू नका. मालातील ऐब सांगून विकणे ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि धंद्याची बरकतही त्यातच आहे. बेकायदा काम नाकारल्याने एक गिऱ्हाईक जाईल, पण पोलीस चौकशीत दुकानाचे नाव येणार नाही. स्कॅनर चालवणे आणि संगणकीय दोष वाचणे आपल्या मुलांना शिकवा. पुढच्या काळात पान्याइतकीच त्याची गरज पडणार आहे.

शेवटचा हिशोब

बदल केलेली गाडी विकताना लावलेला पैसा परत मिळत नाही. उलट घेणारा मूळ स्थितीतील गाडीच शोधतो. म्हणून काढलेले मूळ भाग जपून ठेवा. हा खर्च गुंतवणूक नसून शौक आहे, हे स्वतःशी कबूल करा. व्याजाने पैसे उचलून, घरातील मुलांची फी थांबवून केलेला शौक हा इसराफच होय. घरखर्च, जकात आणि देणी भागल्यावर जे उरेल त्यातून, महिन्याला एकेक काम करत, स्वतःच्या हाताने गाडी उभी करावी. ब्रेक आधी, ताकद शेवटी, हा क्रम पाळला तर शौकही राहील आणि घरी वाट पाहणाऱ्यांना चिंताही लागणार नाही.